खाका : कागदावरून लाकडावर उतरलेल्या अक्षरांची गोष्ट

“सर, नुक्ते गिर गए!”

आठवीच्या एका मुलाची ही आरोळी अजून माझ्या कानात आहे. कार्यानुभवाचा तास होता. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने त्याच्याकडची जुनी स्क्रोल सॉ दिली आहे. म्हणजे बारीक पात्याची, वर-खाली चालणारी करवत. वळणावळणाची नक्षी कापायला सुतार ती वापरतात. स्नेहसंमेलनाला मंचावर लावण्यासाठी प्लायवूडमधून एक शब्द कापायचा ठरला होता, ‘तालीम’. एकदा उर्दूत, एकदा मराठीत. शब्द मीच निवडला होता. मी दोन्ही भाषा शिकवतो आणि हा शब्द दोन्हींकडे आहे. मूळ अरबी, अर्थ शिक्षण. मराठीने तो घेतला आणि आखाड्यात नेला. उर्दूत तालीम मदरशात मिळते, मराठीत ती लाल मातीत होते. शिकण्यासाठी घाम गाळावा लागतो, हे मात्र दोघींना मान्य आहे.

मराठीतला शब्द पहिल्याच झटक्यात अखंड निघाला. ता, ली आणि म, तिघांना शिरोरेषेने वरून घट्ट धरून ठेवलं होतं. उर्दूतल्या शब्दाचं अंगही एकच असतं. ते, ऐन, लाम, ये, मीम ही पाचही अक्षरं एकमेकांत गुंफलेली. पण नुक्ते चार. दोन ‘ते’च्या डोक्यावर, दोन ‘ये’च्या पायाशी. ते अंगाला कुठेच जोडलेले नसतात. पातं गोल फिरलं आणि डाळीएवढे चार तुकडे खालच्या भुशात जाऊन पडले. उरलेला शब्द ‘तालीम’ म्हणून कुणाला वाचता येईना.

मराठी शब्द कापणारा गट हसायला लागला. मी म्हटलं, हसू नका, ‘शिंदे’ कापून बघा. अनुस्वार पडला की त्यांचे ‘शिदे’ होतात!

पण त्या दिवशीचा खरा प्रश्न नुक्त्यांचा नव्हता, कागदाचा होता. उर्दू शब्द आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध कातिबांनी लिहून दिला होता. कातिब म्हणजे हाताने मजकूर लिहिणारा. उर्दू वर्तमानपत्रांची पानंच्या पानं ज्या काळात हाताने लिहिली जात, त्या काळात त्यांनी मुंबईत नोकरी केली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. थरथरत्या हाताने, पण एकही रेघ न चुकवता त्यांनी बोरूने तो शब्द लिहिला. मी त्याची झेरॉक्स काढून ती लाकडावर चिकटवायला दिली. ती कापताना फाटली, नुक्ते गेले. दुकान बंद झालं होतं. आता मूळ कागद चिकटवायचा का? एक मुलगी कागद छातीशी धरून उभी राहिली. म्हणाली, “इतना अच्छा लिखा है सर, चिपकाएंगे तो खतम हो जाएगा.”

तिचं बरोबर होतं. चिकटवलेला कागद परत मिळत नाही. करवत रेघेवरून जाते, म्हणजे रेघच खाऊन टाकते. उरलेला कागद घासून काढावा लागतो. मग झेरॉक्स नव्हती तेव्हा लोक काय करत? एका माणसाच्या हातचं अक्षर दुसऱ्याच्या हत्याराखाली जाताना मरू नये, याची काय सोय होती? त्या रात्री मी याच प्रश्नाच्या मागे लागलो.

धुळीतून उमटलेली रेघ

पहिलं उत्तर रोजच्या वापरातल्या एका शब्दात दडलेलं निघालं. उर्दूत आराखड्याला ‘खाका’ म्हणतात. हा फारसी शब्द ‘खाक’वरून आला, म्हणजे माती, धूळ. आराखड्याचा धुळीशी काय संबंध?

संबंध कारागिरीचा आहे. कागदावरच्या चित्राच्या रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची. तो कागद दुसऱ्या पृष्ठभागावर ठेवायचा. कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून हलकेच थोपटायची. पूड भोकांतून खाली झिरपते. कागद उचलला की खाली ठिपक्यांची रेघ दिसते. हाच खाका. मोगल चित्रशाळांत हे तंत्र सर्रास वापरलं जाई. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर चित्र उतरवून घेत, त्याला ‘चरबा’ म्हणत. चरब्याला टोचे मारून तोच आकार पुन्हा पुन्हा नव्या कागदावर उतरवता येई.

उस्मानी तुर्कांनी हीच पद्धत अक्षरांसाठी फार पुढे नेली. मशिदीच्या दारावर, घुमटात, कारंज्यावर मोठं अक्षर कोरायचं तर खत्तात, म्हणजे सुलेखनकार, शिडीवर चढून ते लिहीत नसे. तो आपल्या खोलीत बसून कागदाचा साचा तयार करी. त्याला तुर्कीत ‘कालिप’ म्हणतात. अनेकदा कागद काळा असे आणि शाई पिवळी, हरताळाची. चूक झाली तर त्यावर काळी शाई फिरवायची आणि पुन्हा लिहायचं. मला इथे गंमत वाटली. आपल्याकडे जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर पुसायला हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. एकाच खनिजाने इस्तंबूलमध्ये लिहिलं जाई आणि आपल्याकडे पुसलं जाई.

साचा मनासारखा झाला की त्याच्याखाली कोरे कागद ठेवून सगळे एकदमच सुईने टोचत. पूड थोपटायची ती खालच्या कागदावरून. वरचा, खत्तातच्या हातचा कागद स्वच्छ राही. गडद पृष्ठभाग असेल तर खडूची पूड, फिका असेल तर कोळशाची. लाकूड, संगमरवर, भिंत, काहीही चाले. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवला होता. मूळ कागद वाचवा, त्याची सावली कामाला लावा.

आयासोफियातल्या आठ प्रचंड गोल फलकांची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. अल्लाह, पैगंबर मुहम्मद, चार खलिफा आणि हसन-हुसैन यांची नावं त्यांवर आहेत. 1847 ते 1849 या काळात सुलतान अब्दुलमजीद यांनी फोसाती बंधूंकडून त्या इमारतीची मोठी दुरुस्ती करून घेतली, तेव्हाचे हे फलक. अक्षर काझीअस्कर मुस्तफा इज्जत एफेंदी यांचं. प्रत्येक फलकाचा व्यास सुमारे 7.5 मीटर. पुढे इमारतीचं संग्रहालय झालं तेव्हा हे फलक उतरवले गेले, पण ते कुठल्याच दारातून बाहेर निघेनात. काही वर्षांनी ते पुन्हा वर चढवले गेले. एवढं अक्षर कुणाच्या मनगटातून एका फटक्यात निघत नाही. कागदावर लहान अक्षर लिहून त्यावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी मोठ्या करून अक्षर वाढवायचं, ही त्या काळच्या खत्तातांची रीत होती.

याच घराण्यातला सुलतान अब्दुलहमीद दुसरा स्वतः उत्तम सुतार होता. यिल्दिझ राजवाड्यात त्याची सुतारशाळा होती आणि त्याने बनवलेलं फर्निचर आजही पाहायला मिळतं. हाताने काम करण्याला कमीपणा समजणाऱ्या आपल्या ‘शरीफ’ घरांना मी हे मुद्दाम सांगतो.

करवत आली आणि खळ आली

मग कागद लाकडाला चिकटवायची गरज का पडली? कारण हत्यार बदललं. पटाशीने कोरणारा कारागीर रेघेच्या आत-बाहेर हळूहळू जातो. पुडीची रेघ पुसट झाली तर तो थांबून पेन्सिल फिरवतो. करवतीचं तसं नाही. ती भुसा उडवते, लाकूड थरथरतं. कोळशाची रेघ त्यात टिकत नाही, आणि गडद लाकडावर ती मुळात दिसतही नाही. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ शेवटपर्यंत दिसते. म्हणून कागदच लाकडाच्या अंगाला डकवला गेला. कधी पिठाच्या खळीने, कधी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या सरसाने.

या कामातलं सर्वांत मोठं नाव फ्रान्सचं आहे. आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) हा चौदाव्या लुईचा फर्निचर कारागीर. कासवाच्या पाठीचं कवच आणि पितळ यांचे पातळ पत्रे तो एकावर एक ठेवून त्यांची चळत करी. वर नक्षीचा कागद डकवलेला. मग बारीक करवतीने सगळे थर एकदमच कापायचे. कवचातल्या भोकात पितळेची पाकळी नेमकी बसे, कारण दोन्ही एकाच कापातून निघालेली. उरलेल्या तुकड्यांतून उलट रंगांची दुसरी नक्षी तयार होई. एका कागदात दोन कामं.

1720 साली बूलच्या कारखान्याला आग लागली. आयुष्यभर जमवलेली चित्रं, रेखाटनं, छापील नक्ष्या यांचा मोठा संग्रह तिच्यात गेला. कागदावर जगणाऱ्या कारागिराचं घर कागदासारखंच जळतं. पुढे पॅरिसच्या कारखान्यांतही टोचलेल्या साच्यांची पद्धत रूढ झाली. कोळशाऐवजी डांबरासारख्या बिटुमेनची पूड थोपटायची आणि शेक देऊन ती कागदावर पक्की करायची. अशा प्रती करून त्या लाकडावर डकवायच्या आणि मूळ साचा कपाटात ठेवायचा. म्हणजे इस्तंबूल आणि पॅरिस वेगवेगळ्या वाटांनी एकाच शहाणपणाला पोहोचले होते.

एकोणिसाव्या शतकात ही करवत राजवाड्यातून दिवाणखान्यात आली. अमेरिकेत रॉकफर्ड इथल्या बार्न्स बंधूंच्या कंपनीने पायाने चालवायच्या स्क्रोल सॉ विकायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये 1895 साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं. त्याच्यासोबत पूर्ण मापाचा नक्षीचा कागद फुकट मिळे. तो लाकडावर डकवायचा आणि कापायचा. फोटोच्या चौकटी, भिंतीवरच्या फळ्या, घड्याळांची घरं. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही नक्षी कापता येऊ लागली. पण एक गोष्ट हरवली. छापील कागद हजारोंनी निघत होता, तेव्हा तो वाचवायची गरज उरली नाही. आणि त्यावरची नक्षी कुणी काढली, हे विचारायचीही.

म्हैसूर आणि भेंडी बाजार

आपल्या जवळचं उदाहरण म्हैसूरचं. तिथलं शिसवी लाकडावरचं जडावकाम प्रसिद्ध आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागीर आहेत. चित्र कागदावर काढतात. त्याचे भाग वेगळे करून ज्या त्या रंगाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर डकवतात. झाडासाठी एक लाकूड, हत्तीसाठी दुसरं, आकाशासाठी तिसरं. बारीक करवतीने तुकडे कापतात. मग ते शिसवी फळीवर मांडून त्यांच्या कडेने रेघ मारतात, तेवढाच खळगा कोरतात आणि तुकडा त्यात बसवतात. शेवटी घासताना वरचा कागद निघून जातो. 1897 च्या आगीनंतर 1912 पर्यंत बांधलेल्या म्हैसूरच्या राजवाड्यात हस्तिदंत जडवलेले शिसवी दरवाजे आहेत. पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. राजाचं नाव गाइड सांगतो, वास्तुरचनाकार हेन्री आयर्विन यांचं नावही सांगतो. दरवाजाचा कागद कुणी काढला, करवत कुणी चालवली, ते कुणी विचारत नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी चाचांना सांगायला गेलो. वाटलं, कागद वाचवायच्या गोष्टीने त्यांना बरं वाटेल. ते ऐकत राहिले आणि मग हसले.

त्यांनी आयुष्यभर लिथोसाठी लिहिलं होतं. पिवळट, खास थर दिलेल्या कागदावर तेलकट शाईने लिहायचं. तो कागद ओला करून दगडावर, नंतरच्या काळात जस्ताच्या पत्र्यावर, पालथा दाबायचा. अक्षर कागद सोडून दगडावर जाई आणि तिथून छापलं जाई. मूळ कागद मग रद्दी. उर्दूचं नस्तालिक अक्षर शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसल्याने आपली वर्तमानपत्रं विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कातिबांच्या हातावर चालली. 1981 साली लाहोरच्या ‘जंग’ने संगणकावरचं नूरी नस्तालिक वापरलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘इनपेज’ आलं आणि कातिबांच्या बैठका उठल्या.

“मास्टरसाब,” चाचा म्हणाले, “चाळीस बरस लिहिलं. घरात माझ्या हातचा एक कागद नाही. सगळे दगडाने खाल्ले. तुम्ही लाकडाला खाऊ घाला, काही बिघडत नाही. फक्त नुक्ता हलू देऊ नका. खुदा आणि जुदा यांच्यात एका नुक्त्याचं अंतर आहे.”

त्यांना कागदाचं दुःख नव्हतं. कागद कामी आला, एवढं त्यांना पुरेसं होतं. मला मात्र ते पुरेसं वाटेना. चाळीस वर्षं हजारो लोकांनी सकाळच्या चहाबरोबर त्यांचं अक्षर वाचलं आणि एकालाही त्यांचं नाव माहीत नव्हतं.

लिहिणारा एक, कापणारा दुसरा

बी.एड.ला आम्ही सगळ्यांनी ‘वर्धा शिक्षण योजना’ परीक्षेपुरती पाठ केली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलांचं शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगातून व्हावं, असं त्या समितीने मांडलं. सूतकताई, सुतारकाम, शेती ही त्यातली उदाहरणं. पाच गुणांच्या टिपेत एवढं लिहून आम्ही मोकळे झालो.

करवतीसमोर उभा राहिल्यावर मला त्या योजनेचा अर्थ कळला. आपल्या समाजात लिहिणारा एक असतो आणि कापणारा दुसरा. एकाला अक्षर येतं, हत्यार येत नाही. दुसऱ्याला हत्यार येतं आणि कित्येकदा तो जे अक्षर कोरतो ते त्याला वाचता येत नाही. दोघांच्या मध्ये एक कागद असतो. खत्तातच्या हाताखालून निघालेला तो कागद इतका अचूक असावा लागतो की निरक्षर कारागिरानेही त्यातला नुक्ता चुकवू नये. आणि कारागिराचा हात इतका प्रामाणिक असावा लागतो की न कळणारी रेघही त्याने आपल्या मनाने बदलू नये. तुर्कस्तानातल्या कोरीव लेखांत खत्तातची सही असते. कारागीर ती सहीही इमानाने कोरतो. स्वतःचं नाव बहुधा कोरत नाही. वर्ध्याची योजना सांगत होती की ही दोन माणसं एकाच मुलात एकत्र यायला हवीत.

आम्ही काय केलं

आम्ही मूळ कागद चिकटवला नाही. चाचांची परवानगी होती, तरी त्या मुलीने तो दिला नाही. नव्या झेरॉक्स काढल्या, आणि या वेळी दोन. नुक्त्यांचं उत्तर तिथेच होतं.

एक प्रत कापायची. आधी प्लायवर मास्किंग टेप लावली आणि टेपवर ग्लूस्टिकने कागद डकवला. काम झाल्यावर टेपसकट कागद उचलला जातो, लाकूड स्वच्छ राहतं. पहिल्या वेळी मी सुतारांचा पांढरा गम थेट लाकडावर लावला होता. कागद घासता घासता अक्षराच्या कडाच गोल झाल्या होत्या. ती चूक माझी. कागदावरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली, तिच्यामुळे पातं कमी तापतं आणि लाकडाच्या कडा काळ्या पडत नाहीत. नुक्ते सगळ्यात आधी कापून एका वाटीत ठेवले.

दुसरी प्रत मागच्या मोठ्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर मुलांनी सुईने टोचे मारले. मोज्यात कोळशाची पूड भरून थोपटली. कागद उचलला तेव्हा फळीवर ठिपक्यांचा ‘तालीम’ उभा होता. वर्ग क्षणभर गप्प झाला. अंग त्या ठिपक्यांवर बसवलं, मग चारही नुक्ते, चाचांनी ठेवले होते नेमके तिथेच. म्हणजे पॅरिसची खळ आणि मोगलांचा खाका, दोन्ही एकाच फळीवर कामाला आले.

‘खाका’ या शब्दाचा उर्दूत आणखी एक अर्थ आहे, व्यक्तिचित्र. मौलवी अब्दुल हक अनेक वर्षं तेव्हाच्या औरंगाबादेत होते. बीबी का मकबऱ्याच्या बागेत काम करणाऱ्या नामदेव नावाच्या दलित माळ्याचं त्यांनी लिहिलेलं व्यक्तिचित्र उर्दू पाठ्यपुस्तकांतून पिढ्यांनी वाचलं आहे. झाडांवर लेकरांसारखी माया करणारा हा माणूस काम करता करताच, मधमाश्यांच्या हल्ल्यात गेला. मकबरा बांधणाऱ्यांची नावं इतिहासात आहेतच. बाग जगवणाऱ्याचं नाव एका खाक्यामुळे राहिलं. मी तो धडा दरवर्षी शिकवतो, पण त्या वर्षी तो शिकवताना माझ्यासमोर वेगळा माणूस होता.

म्हणून फळी भिंतीवर लावण्याआधी मुलांनी ती पालथी केली आणि मागे उर्दू-मराठीत नावं लिहिली. अक्षर कुणाचं, कागद कुणी टोचला, करवत कुणी चालवली, नुक्ते कुणी बसवले. सर्वांत वर चाचांचं नाव. स्नेहसंमेलनाला ते आले, समोरून शब्द पाहिला, चष्मा पुसून नुक्ते तपासले आणि मान डोलावली. मुलांनी फळी उलटी करून दाखवली. बराच वेळ ते आपलं नाव वाचत राहिले. मग म्हणाले, “यह किसने लिखा है? ‘काफ’ टेढ़ा है.”

तो ‘काफ’ माझ्या हातचा होता. आता दर शुक्रवारी नमाजनंतर मी त्यांच्याकडे जातो. सोबत आठवीची चार मुलं असतात. आमची बोरूची तालीम चालू आहे. मूळ कागद त्या मुलीने वहीच्या पुठ्ठ्यात जपून ठेवला आहे.